जास्त दाबाचे खडक: अख्खा प्रदेश खाली गेला होता की नुसत्या गाठी?

गारगोटी

मागे हिमालयावरच्या धाग्यात कुणीतरी ठासून लिहिलं होतं की एक्लोगाइट (प्रचंड दाबाखाली बनणारा जड खडक) म्हणजे प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वर आलेले उपरे तुकडे. ज्या नाइसमध्ये, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडकात, ते सापडतात त्याच्याशी त्यांचं काही नातं नाही. तिथे अवांतर होईल म्हणून गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

पाठ्यपुस्तकांनी रूपांतरित खडक 'उष्णता आणि दाब' या जोडगोळीत गुंडाळून टाकले. त्यातल्या 'आणि'ने सगळा घोळ घातलाय. ही दोघं नेहमी हातात हात घालून फिरत नाहीत. शिलारस घुसला की शेजारचा खडक भाजून निघतो, तिथे दाब नावापुरता. पर्वतरांगांच्या पोटात दोन्ही वाढतात, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस या बेताने. आणि तिसऱ्या प्रकारात दाब सपाट्याने वाढतो, उष्णता मागे रेंगाळते. किलोमीटरला जेमतेम ५ ते १० अंश. आजचा विषय हा तिसरा.

एकच बेसाल्ट या तिसऱ्या वाटेने खाली पाठवा. आधी तो निळा पडतो. खरोखर निळा, शाई सांडल्यासारखा. ग्लॉकोफेन नावाचं अँफिबोल तयार होतं, सोबत बऱ्याचदा लॉसोनाइट. हा ब्ल्यूशिस्ट. आणखी खाली गेला की निळा रंग जातो आणि लाल गार्नेट अन् हिरवं ओम्फसाइट एवढीच दोन मुख्य खनिजं उरतात. हा एक्लोगाइट. मला सगळ्यात आवडते ती यातली गैरहजेरी: फेल्डस्पार संपूर्ण नाहीसा होतो. बेसाल्टचा मोठा हिस्सा असलेलं हे खनिज आतून ऐसपैस रचनेचं असतं. दाबाला ऐसपैसपणा खपत नाही. त्यातला अल्बाइट हा सोडियमवाला भाग मोडून जेडाइट आणि क्वार्ट्‌झ होतं, दोन्ही मिळून कमी जागा घेतात. घनता ३.० च्या आसपासून ३.५ च्या घरात जाते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खोलीचा हिशोब. भूकवचातला दर किलोमीटर खडक साधारण २७० वातावरणांइतका दाब टाकतो. एक गिगापास्कल म्हणजे जवळपास १०,००० वातावरणं, म्हणजे ३५ ते ३७ किलोमीटर. सर्वसाधारण खंडीय कवच तेवढंच जाड असतं. म्हणून पूर्वी समज असा होता की खंडाचा खडक याहून फार खाली जात नाही, कारण तो हलका, बुडणारच नाही.

१९८४ साली हा समज दोन ठिकाणी एकदमच मोडला. पश्चिम आल्प्सच्या डोरा-माइरामध्ये ख्रिश्चन शोपँ यांना आणि नॉर्वेत डेव्हिड स्मिथ यांना कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे रासायनिकदृष्ट्या क्वार्ट्‌झच, तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन, पण घट्ट आवळलेलं. १९५३ मध्ये लोरिंग कोएस यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. निसर्गात १९६० मध्ये मिळालं ते उल्कापाताच्या विवरात. ते टिकायला साधारण २.७ गिगापास्कल लागतात. म्हणजे ९०-१०० किलोमीटर. आणि डोरा-माइराचा तो खडक मुळात खंडाच्या कवचाचाच होता!

ते दिसतं कसं, तेही सांगते. ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली. दोन्ही ध्रुवक आडवे-उभे लावले की गार्नेट काळंकुट्ट होतं. त्या काळ्यात मध्येच एक राखाडी ठिपका. ठिपक्याच्या भोवती काठ्या रोवल्यासारखं उभ्या कणांचं क्वार्ट्‌झचं कुंपण, आणि कुंपणापासून गार्नेटमध्ये चहूकडे पसरलेल्या भेगा, काचेला खडा लागावा तशा. वर येताना कोएसाइटचं क्वार्ट्‌झ होऊ लागलं, आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं, पण गार्नेट हलेना. शेवटी ते तडकलं. ज्या ठिपक्याच्या मध्यभागी थोडं कोएसाइट शिल्लक असतं तिथे रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश टाकून खनिज ओळखायची पद्धत) ५२१ वर शिखर येतं. क्वार्ट्‌झचं येतं ४६४ वर. पहिल्यांदा ५२१ दिसलं तेव्हा मी यंत्र बंद करून परत चालू केलं होतं.

तर प्रश्न असा. एवढ्याशा ठिपक्यावरून आपण म्हणतो की शेकडो चौरस किलोमीटरचा प्रदेश शंभर किलोमीटर खाली जाऊन आला. हे म्हणणं कितपत टिकतं?

शंकासुर

जबरी धागा. पण पहिल्याच पायरीवर अडलोय. खाली गेलं की तापणारच ना? उष्णता मागे का रेंगाळेल?

गारगोटी

शंकासुर, कारण खडक उष्णतेच्या बाबतीत महामंद असतो. अंदाज बांधायचं सोपं सूत्र आहे: जाडीचा वर्ग भागिले खडकाची उष्णता-विसरणक्षमता, जी सेकंदाला चौरस मीटरचा दहा लाखावा भाग एवढी असते. एक किलोमीटर जाडीच्या खडकात उष्णता मुरायला सुमारे ३०,००० वर्षं. दहा किलोमीटरला दहापट नाही, शंभरपट: ३० लाख वर्षं. आणि सबडक्शनमध्ये, म्हणजे एक प्लेट दुसरीच्या खाली बुडते तेव्हा, खाली जाणारी प्लेट वर्षाला ५ सेंटिमीटर सरकत असेल तर दहा लाख वर्षांत ५० किलोमीटर जाते. उष्णता पोचेपर्यंत प्लेट कुठल्या कुठे. दाब मात्र वाट बघत नाही. वरचं वजन जिथल्या तिथे लागू.

थंड दगड गरम पाण्यात टाकल्यासारखं आहे. टाकल्या क्षणी बाहेर काढलात तर आत गारच असतो.

उंटावरचा

मग उंच पर्वताच्या तळाशी पण असे खडक होत असतील की. तिथे काय कमी वजन आहे?

हातोडीवाला

उंटावरचे, सगळ्यात उंच शिखर पावणेनऊ किलोमीटर. त्याचा भार पाव गिगापास्कल सुद्धा नाही. पर्वताखाली कवच जाड होतं हे खरं, ७० किलोमीटरपर्यंत जातं, पण ते जाड होईस्तोवर तापूनही जातं. मग निळं काही उरत नाही.

आता मूळ धाग्याकडे. गारगोटीताई, लेख छानच, पण 'प्रदेश' या शब्दावर मी थोडा अडून बसणार आहे. लडाखमध्ये त्सो मोरीरी तळ्याच्या परिसरात काम केलंय, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं ते मांडतो.

साडेचार हजार मीटरवर दम लागत असतो. समोर मैलोन्‌मैल फिकट, पट्टेदार नाइस. क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, अभ्रक. म्हणजे अगदी सर्वसाधारण, कुठल्याही जुन्या खंडात मिळेल असा. त्यात मध्येच काळपट भिंगाच्या आकाराच्या गाठी, काही हातभर, काही खोलीएवढ्या, एका रेषेत, तुटलेल्या माळेच्या मण्यांसारख्या. हातोडा मारला की नाइस फुटतो, गाठ हातोडा परत फेकते. फोडायला अर्धा तास गेला. बाहेरचा दोन बोटं जाडीचा थर काळा, अँफिबोलाइट (कमी दाबाला बनणारा खडक) झालेला. आत मात्र हिरवट पार्श्वभूमीवर लाल गार्नेट, आणि उचलाल तर त्या आकाराच्या दगडाचं वजन हाताला चुकीचं वाटतं, इतका जड.

कोएसाइट मिळालं ते या गाठींतल्या गार्नेटमध्ये, २००१ साली, वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या संशोधकांना. नाइसमध्ये तुम्ही भिंग लावून बसा, दाबाचा पत्ता नाही. मग साधा माणूस काय म्हणेल? गाठी खालच्या, नाइस वरचा. त्या धाग्यातला माणूस अगदीच वेडा नव्हता.

कोरा_कागद

वर्णन वाचून थंडी वाजली. वाचतेय.

गारगोटी

हातोडीवाले, वेडा नव्हताच. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हाच वाद काही दशकं चालला: गाठी 'इथल्या' की 'परक्या'. आणि तिथेही नाइस तोंड उघडत नव्हता.

पण आधी वजनाचा मुद्दा. वर म्हटलं होतं ३.५ लक्षात ठेवा. प्रावरण ३.३ च्या आसपास. म्हणजे एक्लोगाइट प्रावरणातसुद्धा बुडतो. सागरी प्लेटा खाली खेचल्या जातात त्यात या वजनाचा मोठा वाटा आहे. आता तुमची ती खोलीएवढी गाठ एकटीच शंभर किलोमीटरवर होती असं समजा. तिला वर कोण आणणार? तिच्याहून हलकं काहीतरी हवं, तिला कवेत घेऊन येणारं. नाइस त्या खोलीवरही ३.० च्या आसपासच राहतो. तोच तिची होडी.

यावर तुम्ही म्हणाल की होडी वाटेत, वरच्या टप्प्यावर भेटली असेल. म्हणून खरा पुरावा झिरकॉनचा. झिरकॉन हे हट्टी खनिज. त्याच्या पोटात अडकलेला कण बाहेरच्या पाण्यापासून वाचतो. चीनमध्ये दाबिए-सुलू पट्ट्यात ५,१५८ मीटर खोल वेधन केलं, २००१ ते २००५ दरम्यान. त्या भोकातून वर आलेल्या साध्या नाइसमधले झिरकॉन तपासले तर आत कोएसाइट. गाठीत नव्हे, साध्या नाइसमध्ये; आणि एका ठिकाणी नव्हे, खालपर्यंत वेगवेगळ्या खोलींवर. तिथे तरी 'परक्या' बाजूचा खेळ आटोपला.

म्हणजे नाइस खाली गेला होता, पण वर येताना सगळं विसरला. क्वार्ट्‌झ-फेल्डस्पारचा खडक मऊ, त्यात अभ्रकातलं पाणी. ६००-७०० अंशांना वर येताना सगळी खनिजं कमी दाबाला साजेशी नव्याने जुळतात. गाठ कोरडी आणि टणक, तिच्यात पाणी शिरतं ते फक्त बाहेरून, म्हणून तुमचा तो दोन बोटांचा काळा थर. नाइसची जी विस्मृती झाली तिची सुरुवातच आहे ती.

शंकासुर

एक मिनिट. पाणी नसेल तर खडक बदलतच नाही, असं म्हणताय का? मग जाताना तरी सगळे बदलले कशावरून?

गारगोटी

नेमकं बोट ठेवलंत. सगळे बदलत नाहीत.

नॉर्वेतच बर्गनजवळ होल्स्नॉय नावाचं बेट आहे. तिथला मूळ खडक ग्रॅन्युलाइट, सुमारे ९३ कोटी वर्षांपूर्वी भट्टीसारख्या तापमानात तयार झालेला, पाण्याचा टिपूस नसलेला. पुढे ४३ कोटी वर्षांच्या सुमारास, दोन खंडांच्या टकरीत, तो एक्लोगाइटच्या दाबाखाली गेला. आणि ढिम्म राहिला. जुनी खनिजं तशीच. फक्त जिथे भेग पडून द्रव शिरला तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर पट्टा एक्लोगाइट झाला. एकाच खडकावर उभं राहून तुम्ही एक पाय बदललेल्यावर आणि एक न बदललेल्यावर ठेवू शकता. दाब दोन्ही पायांखाली सारखाच होता. हाकोन ऑस्टरहाइम यांनी १९८७ मध्ये हे मांडलं, आणि माझ्या मते कोएसाइटइतकाच महत्त्वाचा शोध आहे तो, फक्त त्याला तितकी प्रसिद्धी मिळाली नाही.

म्हणून 'या खडकात जास्त दाबाची खनिजं नाहीत' आणि 'हा खडक जास्त दाबाखाली नव्हता' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नकाशे बनवताना आपण सर्रास त्यांची सरमिसळ करतो.

हातोडीवाला

झिरकॉनचा मुद्दा मान्य. पण मग दुसरी बाजू पण ऐका. दाब म्हणजे खोली, हे समीकरण तुम्ही गृहीत धरलंय. वरचं वजन सोडून बाजूने आवळलं जातं त्याचं काय? आल्प्समध्ये मोंते रोझाचा जो खडकांचा पट्टा आहे, त्यात एकाच अखंड ग्रॅनाइटमध्ये दोन वेगळे आकडे आलेत: ग्रॅनाइटला १.४ गिगापास्कल, आणि त्यातल्याच व्हाइटशिस्टला (मॅग्नेशियम जास्त असलेला फिकट शिस्ट) २.२. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. मध्ये मोठा भ्रंश नाही. खोलीत भाषांतर केलं तर काही मीटरवरचे शेजारी पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावर राहत होते असं निघतं! त्यापेक्षा आवळल्यामुळे एकावर जादा दाब आला हे सरळ वाटत नाही का?

गारगोटी

वाटतं. आणि हा वाद मिटलेला नाही, हेही कबूल. पण तुमच्याच उदाहरणाला होल्स्नॉयचा चष्मा लावा: ग्रॅनाइट कोरडा, २.२ ला असतानाही नोंद केली नसेल, पुढे १.४ ला केली. लेखकांनी ही शक्यता विचारात घेऊन नाकारली आहे, मला ती अजून पूर्ण नाकारवत नाही.

दुसरं, बाजूचा दाब खडक सहन करेल तितकाच टिकतो. ७०० अंशांचा ओलसर नाइस फार सहन करत नाही, वाहतो. थंड, टणक गाठीत जादा दाब काही काळ साठेल, अख्ख्या प्रदेशात कसा साठेल? नॉर्वेत आग्नेयेकडून वायव्येकडे चालत गेलात तर एक्लोगाइटचं तापमान सुमारे ५५० पासून ८०० अंशांपर्यंत चढत जातं आणि दाबही त्याच दिशेने. शेवटी कोएसाइट, काही ठिकाणी सूक्ष्म हिरे. ठिकठिकाणच्या आवळण्यातून इतका शिस्तीचा उतार येणार नाही. एक मोठी फळी तिरकी बुडाली, तिचं एक टोक जास्त खाली गेलं, असंच ते दिसतं.

प्रदेशाचीच गोष्ट निघाली म्हणून: प्लेट टेक्टॉनिक्स सर्वमान्य व्हायच्या आधीच, १९६१ मध्ये, आकिहो मियाशिरो यांनी जपानमध्ये दोन समांतर पट्टे दाखवले. समुद्राकडे सानबागावा, जास्त दाब कमी उष्णता. आत रियोके, कमी दाब जास्त उष्णता. दोन्ही शेकडो किलोमीटर एकमेकांच्या शेजारून धावतात. पुढे कारण कळलं: खंदकाजवळ थंड प्लेट बुडते, ज्वालामुखींच्या रांगेखाली शिलारस चढतो. त्यांनी मात्र ते खनिजांवरून आधीच वाचलं होतं.

कोरा_कागद

भूगोल बारावीनंतर सुटला, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. हलकं म्हणून वर येतं हे कळलं. मग मुळात हलकं असून खाली का गेलं?

हातोडीवाला

बाळबोध अजिबात नाही, याच प्रश्नावर अर्धा विषय उभा आहे.

त्सो मोरीरीचंच घ्या. भारताच्या पुढे समुद्र होता आणि समुद्राचा तळ आशियाखाली जात होता. तो जड. खंडाची कड त्याच्या मागे जोडलेली. समुद्र संपला तरी तळाची ओढ संपली नाही, ती कड पण खाली ओढली गेली. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ती कोएसाइटच्या खोलीवर होती. त्या नाइसचा मूळ ग्रॅनाइट जवळपास ४८ कोटी वर्षांचा, आणि गाठी म्हणजे त्यात पुढे घुसलेला बेसाल्ट. बरेच जण त्याचं नातं काश्मीरच्या पंजाल ट्रॅपशी, म्हणजे तिथल्या जुन्या लाव्हाच्या थरांशी, जोडतात. म्हणजे गाठी आणि नाइस खाली जायच्या कितीतरी आधीपासून एकत्र होते. (हो, ताई, इथे मी माझ्याच पहिल्या प्रतिसादाच्या विरोधात बोलतोय. तिथे मुद्दाम वकिली केली होती.)

मग ओढणारा जड भाग कुठेतरी तुटला किंवा नाइसची फळी त्यापासून सुटली, आणि ती काही दशलक्ष वर्षांत कवचाच्या मध्यापर्यंत वर आली. भूशास्त्रात हे म्हणजे उडी मारल्यासारखं. आणि ती उडी होती म्हणूनच गार्नेटमधलं कोएसाइट वाचलं. रेंगाळत आली असती तर तापून सगळं क्वार्ट्‌झ झालं असतं.

तिथून शेवटचे काही किलोमीटर मात्र सावकाश: वरचं झिजत गेलं, भ्रंश सरकत गेले.

उंटावरचा

म्हणजे हिमालयात सगळीकडे असे खडक असायला हवेत. एकाच तळ्याकाठी का?

गारगोटी

एकाच नाही. पाकिस्तानातल्या काघान खोऱ्यातही त्याच वर्षी, २००१ मध्ये, कोएसाइट नोंदलं गेलं. तेही सिंधू सांध्याच्या (भारत आणि आशिया जिथे जुळले ती रेषा) अलीकडे, भारतीय बाजूच्या खडकांत. बाकी ठिकाणी वर आलेच नाहीत, की आले आणि नंतरच्या उष्णतेने पुसले गेले, यावर मतं आहेत. पूर्वेकडच्या काही एक्लोगाइटमध्ये नंतरची भाजणी इतकी झालीय की ओम्फसाइटच्या जागी बोटांच्या ठशासारखी बारीक गुंफण उरते, पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारची. आकार ओम्फसाइटचा, आत दुसरंच.

शंकासुर

शेवटची शंका, मग पळतो. कुठेतरी वाचलं की फार जुने ब्ल्यूशिस्ट सापडत नाहीत. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची, मग हे निळे खडक सगळे अलीकडचे कसे?

गारगोटी

जुन्यात जुने ७०-८० कोटी वर्षांच्या आसपास, त्याआधीचे नाहीत. नेहमीचं उत्तर: पूर्वी पृथ्वी आतून जास्त गरम होती, त्यामुळे थंड सबडक्शन जमत नव्हतं. काही जण तर म्हणतात की आजच्यासारखं सबडक्शनच तेव्हा सुरू झालं.

पण २०१६ मध्ये एक वेगळा मुद्दा पुढे आला आणि मला तो पटतो. गरम प्रावरण जास्त वितळतं, त्यातून निघणाऱ्या सागरी कवचात मॅग्नेशियम जास्त असतं. तसल्या बेसाल्टला नेमक्या ब्ल्यूशिस्टच्या दाबा-तापमानात ठेवलं तरी ग्लॉकोफेन फारसं बनत नाही. बनतो तो हिरवट, कमी खोलीवरच्या ग्रीनशिस्टसारखा दिसणारा खडक. म्हणजे जुन्या पट्ट्यांमधले कितीतरी हिरवे शिस्ट आपण 'साधे' म्हणून नकाशात रंगवलेत, त्यातले काही खोल जाऊन आलेले असू शकतील.

हातोडीवाला

हे वाचून माझ्या कपाटातल्या दोन खोक्यांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागणार. ग्रीनशिस्ट म्हणून बाजूला टाकलेले नमुने आहेत. छेद करायला टाकतो, आतलं गार्नेट काय म्हणतंय ते इथेच कळवेन.